बोटी दोन, जोडीदार दोन: हिशेब असा ठेवा

पाण्यावर स्कीइंग करणाऱ्या दोघांपैकी एकाची मधोमध दोर बांधायचा खांब असलेली इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) स्की बोट आणि दुसऱ्याची साधी आउटबोर्ड (इंजिन मागे बाहेर लावलेलं) असेल, तर ‘एक रविवार तुझी, एक रविवार माझी’ ही वाटणी फार दिवस टिकत नाही. साध्या बोटीत दोर मागच्या टोकाला बांधलेला असतो. स्कीवाला कडेला जोरात ओढला की बोटीची शेपूट त्याच्याकडे सरकते आणि चालवणारा सतत चाक सावरत बसतो. त्यामुळे स्लॅलमचा (बॉयांना वळसे घालत स्की करण्याचा) सराव खांबाच्या बोटीवर, नवशिक्यांना उभं करणं साध्या बोटीवर. हँडलसकट 18.25 मीटरचा दोर दोन्हीकडे चालतो.

पेट्रोलला सोपा नियम: निघताना टाकी काठोकाठ, परतल्यावर पुन्हा काठोकाठ, जेवढं मावलं त्याचे पैसे निम्मे-निम्मे. इंजिनाचे तास वहीत लिहा. रोजची झीज मालकाची, प्रोपेलर दगडावर आपटला तर खर्च चालवणाऱ्याचा. हे आधीच बोलून घ्या, नंतर बोललं की भांडण ठरलेलं!

आउटबोर्ड जुनं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं) आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण 50:1 असेल, तर 10 लिटरला 200 मिली ऑइल. त्याचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा, हे पेट्रोल इनबोर्डच्या टाकीत जाता कामा नये.

कोल्हापूरकरांना पंचगंगेतली जलपर्णी सांगायला नको. तिची मुळं इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकतात. आउटबोर्डच्या मागून उडणारी त्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की लगेच इंजिन बंद करून जाळी साफ करा, नाहीतर ते तापून जाम होतं.