चोखणी कधी आणि कशी सोडवावी

चोखणी सोडवण्याची तयारी बाळापेक्षा घरातल्या मोठ्यांना अधिक करावी लागते, कारण बाळ कुरकुरले की पाळण्याकडे जाणारा हात आपलाच असतो. तरीही चोखणी दिली म्हणून अपराधी वाटण्याचे कारण नाही. चोखण्याची ऊर्मी बाळाला गर्भातच असते, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर पहिल्या वर्षात झोपवताना चोखणी द्यायला हरकत नाही असे सांगते, कारण झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका तिच्या वापराने कमी होत असल्याचे दिसून आले आहे. अट एवढीच, की अंगावर पिणारे बाळ आधी नीट पिऊ लागलेले असावे, आणि त्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. चोखणी मुळीच देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपानविषयक दहा सूत्रांत पूर्वी होते; 2018च्या सुधारित आवृत्तीत मात्र मातांना तिचा वापर आणि धोके समजावून सांगावेत, असा मवाळ शब्द आला.

सोडवायला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे सहा महिन्यांनंतर पहिल्या वाढदिवसापर्यंतचा. या काळात चोखण्याची नैसर्गिक गरज ओसरू लागते, वरचे अन्न सुरू झालेले असते, आणि चोखणी ही अजून केवळ सवय असते. तिच्यावर जीव जडलेला नसतो. शिवाय सतत चोखणी घेणाऱ्या मुलांत मध्यकर्णाचा संसर्ग अधिक आढळतो, म्हणूनही डॉक्टर या सहा महिन्यांत तिचा वापर कमी करायला सांगतात. वर्ष उलटल्यावर हेच काम अवघड होते, पण अशक्य होत नाही. दातांच्या दृष्टीने तीन वर्षे ही शेवटची मर्यादा धरावी. त्यापुढे चोखणी चालू राहिली तर तोंड मिटल्यावरही वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते, आणि वरचा जबडा अरुंद होऊन दाढांची ठेवण बिघडू शकते. सवय वेळेवर सुटली तर ही फट बऱ्याच मुलांत आपोआप भरून येते.

दाढा येत असताना, ताप असताना, घर बदलताना, पाळणाघर नव्याने सुरू होताना किंवा धाकटे भावंड येण्याच्या सुमारास हा उद्योग आरंभू नये. अंगावरचे दूध तोडणे आणि चोखणी सोडवणे हेही एकाच वेळी करू नये.

सुरुवात दिवसापासून करावी. चोखणी फक्त झोपण्याच्या जागी मिळेल, असे ठरवून ती दिवसभर बाळाच्या नजरेआड ठेवावी. पर्समध्ये, गाडीत आणि आजीच्या उशाखाली ठेवलेल्या जादा चोखण्याही गोळा कराव्यात. आई, बाबा, आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताई या सर्वांनी एकच नियम पाळला नाही, तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे, कारण एक जण नाही म्हणतो आणि दुसरा देतो हे मुलाच्या लवकर लक्षात येते. बाळ चोखणी मागते तेव्हा त्याला खरोखर काय हवे आहे, हे पाहावे: पुष्कळदा ते भुकेलेले, झोपेला आलेले किंवा नुसते कंटाळलेले असते, आणि कडेवर घेऊन खिडकीत उभे राहिले तरी काम भागते.

दिवस निभावू लागला की आठवड्याभराने दुपारची झोप आणि शेवटी रात्र, असा क्रम ठेवावा. चोखणीच्या जागी दुसरे काहीतरी हवेच: रोज तीच अंगाई, पाठीवर एका लयीत थोपटणे, आणि वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जवळ घ्यायला जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मात्र असे सैल कापड ठेवू नये. पहिल्या काही रात्री रडारड होईल. त्या वेळी बाळाला जवळ घ्यावे, पण रात्री दोन वाजता हार मानून चोखणी देऊ नये. दिली, तर अधिक वेळ रडल्यावर ती मिळते एवढेच ते शिकते.

दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला आधी सांगून विश्वासात घ्यावे आणि ठरलेल्या दिवशी त्याच्याच हाताने चोखणी कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावावी. ‘काऊने नेली’ ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे, पण काऊने नेलेली चोखणी दुसऱ्या दिवशी कपाटाच्या खणात सापडली, की पुढच्या वेळी काऊवर आणि आपल्यावर कोण विश्वास ठेवणार?

चोखणीला कडुनिंबाचा रस किंवा तिखट लावू नये. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला कोणत्याही निमित्ताने देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. चोखणीचे टोक कापून ती निरुपयोगी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु कापलेल्या रबराचा तुकडा तुटून घशात अडकू शकतो. दोऱ्याने गळ्यात चोखणी बांधणे हेही तितकेच धोक्याचे आहे. ‘एवढा मोठा घोडा झालास तरी’ अशी चारचौघांत केलेली थट्टा मुलाला चोखणीकडे अधिकच ढकलते.

काही मुले चोखणी सुटताच अंगठा तोंडात घालतात. ओरडून तो बाहेर काढण्यापेक्षा हातात चेंडू किंवा वाटी-चमचा द्यावा. तीन वर्षांनंतरही चोखणी किंवा अंगठा सुटत नसेल, पुढच्या दातांत फट दिसत असेल, तर मुलांच्या दंतवैद्याला दाखवावे. कान वारंवार दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि चोखणी दिवसातून किती वेळ तोंडात असते, हे त्यांना आठवणीने सांगावे.