टर्बाइनच्या पात्याचे डॅम्पिंग टेबलावर कसे मोजावे

पात्यावर हातोडीचा हलका ठोका मारायचा आणि त्याचे कंपन किती लवकर विरते, म्हणजेच त्याचे डॅम्पिंग, ते मोजायचे, एवढीच ही चाचणी आहे. ग्रॅमभर वजनाचा एक्सेलरोमीटर (कंपन टिपणारा सेन्सर) पात्याच्या टोकाजवळ मेणाने चिकटवावा. जड सेन्सर आणि लोंबती केबल दोन्ही निकाल बिघडवतात.

खरी कसोटी पाते धरण्यात आहे. ‘व्हाइसमध्ये (दोन जबड्यांच्या शिकंज्यात) घट्ट आवळा, झाले’ हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुरुवातीच्या काळात मी ओरखडे पडू नयेत म्हणून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून पात्याचे मूळ व्हाइसमध्ये आवळले, तेव्हा डॅम्पिंग 0.6 टक्के आले आणि तोच आकडा मी अहवालात लिहिला. दोन दिवसांनी तेच पाते पुन्हा बसवले, तर आकडा निम्म्यावर आला. मी मोजत होतो ते पात्याचे नव्हे, जबड्यातल्या घर्षणाचे डॅम्पिंग होते. पोलादाचे स्वतःचे डॅम्पिंग इतके अल्प असते की मुळाशी होणारी केसाएवढी घसरही त्याला झाकून टाकते.

चालत्या टर्बाइनमध्ये केंद्रोत्सारी बल पात्याला बाहेर ओढते आणि फर-ट्री मुळाचे (सूचिपर्णी झाडाच्या आकाराच्या दातेरी मुळाचे) दात रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, खाचेत दाबून बसवते. टेबलावर हे बल नसते. म्हणून रोटरसारखीच खाच कापलेला जड पोलादी ठोकळा घ्यावा आणि मुळाच्या तळाखालच्या स्क्रूने पाते बाहेरच्या दिशेला रेटावे. टॉर्क रेंचने (किती जोराने पिळले ते दाखवणाऱ्या पान्याने) ताण टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर ठोका मारून वारंवारता व डॅम्पिंग दोन्ही लिहून ठेवावीत. पकड सुधारते तशी वारंवारता चढते आणि डॅम्पिंग उतरते. दोन्ही स्थिरावेपर्यंत एकही आकडा ग्राह्य धरू नये. कानालाही फरक कळतो: सैल पाते ‘टक्’ करून थांबते, नीट बसलेले ‘टण्ण’ करून घुमत राहते.

पुढचे सोपे आहे. एकाच वारंवारतेचे कंपन फिल्टरने वेगळे काढून आयाम (कंपनाची झेप) निम्मा होईपर्यंतची आवर्तने मोजावीत आणि 11 ला त्या संख्येने भागावे. येणारे उत्तर म्हणजे डॅम्पिंग गुणोत्तर, टक्क्यांत. 220 आवर्तने लागली, तर 0.05 टक्के. सुरुवातीच्या मोठ्या कंपनांवरून एक आणि नंतरच्या लहान कंपनांवरून दुसरेच उत्तर येत असेल, तर बहुधा मुळाशी घर्षण शिल्लक आहे. पुन्हा पकडीकडे वळावे. शेजारच्या शेडमधली प्रेस चालू असताना मोजू नये. म्हणून मी ही चाचणी कारखान्यांच्या गुरुवारच्या सुट्टीलाच ठेवतो.

वाफेच्या प्रवाहामुळे मिळणारे डॅम्पिंग या आकड्यात येत नाही आणि फिरत्या पात्याची वारंवारता टेबलावरच्यापेक्षा जास्त असते, हे अहवालात आकड्याशेजारीच लिहावे.