दिल्लीचा कागद आणि आपला कंटेनर: पहिल्यांदा कांदा निर्यात करणाऱ्यांची तयारी

निफाड-चांदवडकडच्या काही शेतकरी कंपन्या यंदा स्वतःच्या नावावर कांदा बाहेर पाठवायचं म्हणताहेत. भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘दुबईत काय भाव चाललाय?’ भाव एका फोनवर कळतो. आपल्या धंद्यात माणूस बुडतो तो बहुतेक वेळा भावामुळे नाही, दिल्लीहून रात्री निघालेल्या, निर्यातबंदी किंवा शुल्क लावणाऱ्या दीड पानाच्या अधिसूचनेमुळे. म्हणून तयारी त्या कागदाची करायची, आणि तीही कांदा खरेदी करण्याआधी.

नेहमीची कागदपत्रं पटकन उरकून घ्या. डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो. माहितीत काहीच बदल नसला तरी करावा लागतो, नाहीतर तो बंद पडतो आणि ते नेमकं शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद) भरताना कळतं. अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, बँकेचा एडी कोड (परकीय चलन जिथे येणार त्या बँकेचा क्रमांक) हे सगळं आधीच झालेलं असावं. एडी कोड ज्या बंदरातून माल जाणार त्याच बंदरावर नोंदवलेला हवा. फायटोसाठी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यासाठी) नमुना कधी द्यायचा ते सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारून ठेवा. एवढं कुणीही करून देतो.

आता खरं काम. खळ्यातल्या भिंतीवर एक कॅलेंडर लावा आणि त्यावर जुन्या तारखा लाल पेनाने लिहा. २०१९: १३ सप्टेंबरला टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य (एमईपी, त्याखालच्या भावाने माल पाठवता येत नाही), २९ सप्टेंबरला थेट बंदी. २०२०: १४ सप्टेंबरला बंदी. २०२३: १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या अखेरीस ८०० डॉलरचं एमईपी, ७ डिसेंबरला बंदी. लिहून झालं की दोन पावलं मागे सरकून बघा. सगळ्या तारखा ऑगस्ट ते डिसेंबरमधल्या. चाळीतला उन्हाळ कांदा सरत आलेला असतो, पावसाने लाल कांद्याला उशीर झालेला असतो आणि शहरात किलोचा भाव बातमीत आलेला असतो. सरकारचा हात तेव्हाच कलमाकडे जातो. उठवण्याच्या तारखाही लिहा. ४ मे २०२४ ला बंदी उठली, नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. अर्थ तुमचा तुम्ही लावा. माझ्यापुरता नियम असा की ऑगस्ट ते डिसेंबर या काळात एका वेळी दोनच्या वर कंटेनर रस्त्यावर ठेवायचे नाहीत.

हा नियम मला फुकट मिळालेला नाही. ७ डिसेंबर २०२३ ला आमचे तीन रीफर (थंड कंटेनर) न्हावा शेवा बंदराला निघाले होते. दोन संध्याकाळपर्यंत आत गेले. तिसऱ्याचा ड्रायव्हर जेवायला थांबला, पुढे ट्रॅफिकमध्ये अडकला आणि गेटबाहेरच्या पार्किंगला लागला. शिपिंग बिल तिन्हींचं भरलेलं. अधिसूचनेत सूट कुणाला होती? ज्याचं लोडिंग आधीच सुरू झालंय त्याला. ज्याचं शिपिंग बिल भरलंय आणि जहाजही बंदरात पोचून त्याला रोटेशन नंबर (कस्टम्सकडचा जहाजाचा नोंदणी क्रमांक) मिळालाय त्याला. किंवा ज्याचा माल कस्टम्सच्या ताब्यात जाऊन नोंदला गेलाय त्याला. आमचं जहाज अजून दोन दिवस लांब होतं. आत गेलेले दोन सुटले. तिसरा अठ्ठावीस टन माल घेऊन वाशीला वळवला आणि पडत्या भावात विकला. वाहतूक आणि रीफरचं भाडं वेगळं.

त्यामुळे यादीत ठळक लिहा: गेट-इन, म्हणजे कंटेनर बंदराच्या गेटातून आत जाणं. ट्रक खळ्यातून किती वाजता निघाला याला काही किंमत नाही, आत किती वाजता गेला यालाच आहे. गेट-इनच्या पावतीचा वेळेसकट फोटो त्याच मिनिटाला ग्रुपवर यायला हवा. कटऑफच्या (बंदरात माल घेण्याच्या शेवटच्या मुदतीच्या) आदल्या दिवशी आत जाईल असं गणित मांडा, मग जागेचं थोडं जास्त भाडं पडलं तरी चालेल. आणि ‘जुना करार आहे, एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं हमीपत्र) उघडलेली आहे, आपल्याला सूट मिळेल’ या भरवशावर राहू नका. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये तशी सवलत आहे खरी, पण २०२० आणि २०२३ या दोन्ही बंद्यांच्या अधिसूचनांत ती लागू नाही असं स्पष्ट लिहिलं होतं.

करारात एक ओळ हवीच: भारत सरकारने नवं शुल्क किंवा किमान मूल्य लावलं तर ते खरेदीदाराच्या माथी, नाहीतर करार विनादंड रद्द. ओळ का हवी, ते हिशेबात बघा. टनाला ३०० डॉलरने सौदा ठरलाय आणि रात्रीतून ४० टक्के शुल्क आलं, तर टनामागे १२० डॉलर गेले. अठ्ठावीस टनांच्या कंटेनरमागे ३,३६० डॉलर. एवढा नफा आपल्या धंद्यात असतो का? मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा गावात पेढे वाटले, पण ५५० डॉलरचं एमईपी आणि त्यावर ४० टक्के म्हणजे २२० डॉलर शुल्क, असे मिळून ७७० डॉलर झाले. त्या भावात आपला कांदा घेण्याआधी गिऱ्हाईक पाकिस्तान, इजिप्तकडे बघून येतं. एमईपी सप्टेंबर २०२४ मध्ये गेलं, शुल्क तेव्हा २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटलं. एमईपीच्या काळात कुणी सुचवेल, बिल ५५० चं करू, वरचे पैसे परत फिरवू. त्या वाटेला जाऊ नका. ते फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बसत नाही.

विमा घेताना नीट विचारा. नेहमीच्या शिपमेंट पॉलिसीत जोखीम माल रवाना झाल्यापासून धरतात, बंदी तर त्याआधीच आडवी येते.

समोरच्या देशाचंही सरकार असतं, हे आपण विसरतो. बांगलादेश स्वतःचा कांदा निघाला की आयात परवाने थांबवतो. मार्च २०२३ मध्ये थांबवले ते जूनमध्ये सुरू केले. तेव्हा खरेदीदाराकडून परवान्याची प्रत मागवा आणि मुदतीची तारीख बघितल्याशिवाय लिलावात बोली लावू नका. उलटं त्यांचंही दुखणं खरं आहे. २०१९ च्या बंदीनंतर त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. हसत म्हणाल्या, पण गिऱ्हाईक असंच तुटतं. बंदी आली तर फोन बंद करून बसू नका. त्याच रात्री खरेदीदाराला अधिसूचनेची प्रत पाठवा.

शेवटी देशातली सोय. मुंबई, कोलकाता, गुवाहाटी, जिथे जमेल तिथल्या एका आडत्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे परत आलेला माल कुठे टाकायचा हे रात्री अकरा वाजता शोधावं लागणार नाही. साध्या पन्नास किलोच्या गोण्या थोड्या शिल्लक ठेवा. परदेशी गिऱ्हाइकाच्या नावाच्या छापील जाळ्या मात्र एका खेपेपुरत्याच छापा. आमच्याकडे २०२३ च्या दहा किलोवाल्या लाल जाळ्यांचा गठ्ठा अजून पडलाय, पोरं त्यात क्रिकेटचे चेंडू ठेवतात.