व्हिटॅमिनच्या डब्यावर 'शुगर बरी होते' असं लिहिलंय? तक्रार कशी करायची

माझी मावशी विक्रोळीला राहते. गेल्या वर्षी तिने दहा दिवस शुगरची गोळी बंद ठेवली, कारण सोसायटीच्या हॉलमध्ये फ्री चेकअपचा कॅम्प लागला होता, तिथल्या माणसाने व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचा डबा २,४०० रुपयांना दिला आणि सांगितलं की ह्या सुरू केल्या की गोळीची गरज नाही, आणि सोबतच्या पत्रकात तसं छापलेलंही होतं. अकराव्या दिवशी ती गरगरून बसली, शुगर ३४०. आता बरी आहे, पण मला अजून राग येतो.

तेव्हा मी जी पहिली तक्रार केली ती तशीच पडून राहिली. त्यात मी लिहिलं होतं की मावशीला त्रास झाला, फसवणूक झाली. दुसऱ्यांदा मी पत्रकातलं वाक्य शब्द न शब्द उतरवून, फोटो लावून पाठवलं, मग चौकशीचा फोन आला. त्रास त्याच कॅप्सूलमुळे झाला हे सिद्ध करायला डॉक्टर, लॅब, महिने लागतात, पण वाक्य छापलंय हे तो कागद स्वतःच सांगतो. म्हणून तक्रार त्या वाक्याची करा.

आधी डबा फेकू नका. चारही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर, एमआरपी, एक्सपायरी, कंपनीचा पत्ता सगळं वाचता आलं पाहिजे. बिल ठेवा, बिल दिलं नसेल तर जीपेचा स्क्रीनशॉट. जाहिरात रील किंवा व्हॉट्सॅप फॉरवर्ड असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, स्क्रीन रेकॉर्डिंग करा, तारीख दिसू द्या, लिंक कॉपी करून ठेवा, कारण तक्रारीचा वास लागला की रील उडवतात.

मग डबा नीट वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, लोगो आणि १४ आकडी लायसन्स नंबर असेल तर कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, औषध नाही. तो नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून बघा, लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. अशा डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असावीच लागते. एका बाजूला ही ओळ आणि दुसऱ्या बाजूला 'डायबेटिस मुळापासून बरा' असं असेल तर तुमची अर्धी तक्रार तिथेच तयार झाली. अन्न म्हणून विकलेली वस्तू रोग बरा करते असं म्हणता येत नाही, 'डॉक्टरांनी शिफारस केलेलं' असंही लिहिता येत नाही, हे एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत आहे. 'व्हिटॅमिन डी हाडांसाठी लागतं' हे चालतं, 'गुडघेदुखी कायमची जाते' हे नाही. हा फरक ओळखायला शिका, नाहीतर सगळ्याच कंपन्यांवर तक्रारी होतील आणि खरी तक्रार त्यात बुडेल.

लोगोऐवजी औषधाचा मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर असेल तर ते औषध, आणि मग १९५४ चा औषधं आणि जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा लागू होतो. त्याच्या यादीत डायबेटिस, कॅन्सर, बीपी सगळे आहेत, हे बरं करतो अशी जाहिरातच करता येत नाही.

आता कुठे पाठवायची. आपल्याकडे सोय अशी की महाराष्ट्र एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन, दोन्ही विभाग एकाच छपराखाली, मुख्यालय मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल), टोल फ्री १८०० २२२ ३६५. लेबल किंवा मालाबद्दलची तक्रार तिथे द्या, अन्न सुरक्षा अधिकारी सॅम्पल उचलू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे.

जाहिरातीसाठी आणखी एक दार आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. ते पहिल्यांदा १० लाख आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, आणि जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीला एक वर्ष जाहिरातीच बंद करू शकतं. दिल्लीला पाठवायची गरज नाही, तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, मुंबईत उपनगरवाल्यांना वांद्रे पूर्व, शहरवाल्यांना फोर्टचं जुनं कस्टम हाऊस. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. रील करणारा स्वतःला हेल्थ एक्स्पर्ट म्हणवत असेल तर २०२३ पासून त्याला आपली पात्रता उघड सांगावी लागते, ते नसेल तर तेही लिहा.

पैसे परत हवे असतील तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. एकट्याने जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीला विचारा, १९७५ पासून हेच काम करतायत.

मजकूर साधा ठेवा, मी असा लिहिला होता:

"अमुक तारखेला अमुक ठिकाणी हे उत्पादन घेतलं. लायसन्स नंबर हा, बॅच नंबर हा. पत्रकाच्या पान २ वर पुढील वाक्य छापलं आहे: '...'. हे उत्पादन अन्न म्हणून परवाना घेतलेलं असून रोग बरा करण्याचा दावा करतं. चौकशी करून केलेली कारवाई लेखी कळवावी. फोटो जोडले आहेत."

शिव्या नाहीत, 'हे लोक खुनी आहेत' नाही, मलाही तसं लिहावंसं वाटलं होतं.

तक्रार चालू असताना डबा घरात कोणी खात असेल तर डॉक्टरांना दाखवा. व्हिटॅमिन ए आणि डी शरीरात साठतात, जास्त डीने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. केसांसाठीच्या गमीजमध्ये (चघळायच्या गोळ्या) बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, ते थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टचे रिपोर्ट चुकवू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच हा इशारा दिलाय, त्यामुळे ब्लड टेस्टच्या आधी लॅबला सांगाच.

तक्रार नंबर वहीत लिहा, महिन्याने फोन करा, उत्तर नसेल तर तोच नंबर टाकून स्मरणपत्र. मी तीन पाठवली. मावशीचा डबा अजून माझ्या कपाटात आहे, पत्रकासकट, कारण सॅम्पल मागायला येतील तेव्हा तो हातात असला पाहिजे.