रविवारी नाण्यांच्या प्रदर्शनाला जायचंय, पिशवीत काय काय टाकायचं

रविवारी संभाजीनगरला नाण्यांचं प्रदर्शन आहे आणि परभणीहून आम्ही पाच जण निघतोय, त्यातले दोघं पहिल्यांदाच, आणि त्या दोघांनी कालपासून फोन करकरून एकच विचारलंय की पैसे किती आणायचे. पैशाचं नंतर बघू, आधी वही घ्या. आपल्याकडे काय आहे ते ज्याला माहीत नाही त्यानं नुस्तं फिरून यावं, विकत काही घेऊ नये. मागच्या खेपेला मी 1944 चा भोकाचा पैसा लै खुशीत घेतला, घरी येऊन डबा उघडला तर तसे चार पडलेले, पाचवा हा. म्हणून वहीत राजा, वर्ष, टाकसाळ आणि नाणं कसं आहे हे चार रकाने पाडून लिहा, मोबाईलात फोटो असले तरी वही लागतेच, कारण हॉलमध्ये एका हातात भिंग नि एका हातात नाणं असताना स्क्रीन उघडत बसायला तिसरा हात नसतो. स्वातंत्र्यानंतरची नाणी जमवणाऱ्यांनी नुस्तं वर्ष लिहून भागत नाही, वर्षाखालची खूण पण लिहा: चांदणी असली तर हैदराबाद, चौकट म्हणजे मुंबई, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. एकाच वर्षाचा रुपया चार खुणांचा असू शकतो आणि तुम्हाला हवा असलेला नेमका एकच असतो.

आता आपल्या भागाचं. इकडच्या प्रदर्शनात टेबलांवर सगळ्यात जास्त काय दिसतं तर निजामाचा माल, आणि ते बरोबरच आहे, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण त्या राज्यात होतो आणि त्यानंतरही काही वर्षं बाजारात हाली चालतच होता. घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर निघायच्या आधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसा, हाली नि कलदार या दोन शब्दांवर ते आपसूक सुरू होतात. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली म्हणजे निजामाचा, आणि साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशोब. हे का सांगतोय तर वजनकाटा. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि चारमिनारवाला हाली साधारण 11.18 चा, चांदी पण हालीत कमी, म्हणजे हजारात 818 आणि कलदारात 917 (1940 पासून कलदार निम्म्या चांदीवर आला ते वेगळं). सोनाराकडं असतो तसला खिशातला डिजिटल काटा, दोन दशांश दाखवणारा, तो घ्याच, आणि हाली म्हणून दिलेलं नाणं साडेनऊ भरलं तर काही न बोलता परत ठेवा. झिजून दहावीस शतांश जातात, दीड ग्रॅम जात नाही.

चारमिनारवालं नाणं हातात आलं की सगळ्यात आधी मधल्या कमानीत बघा, दहापट भिंगातून. तिथं एक छोटं उर्दू अक्षर आहे, त्या वेळच्या निजामाच्या नावातलं पहिलं. मीम असेल तर मेहबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान, जे 1911 मध्ये गादीवर आले. सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धाच आहे, नंतर पूर्ण झाला, आणि अर्ध्या ऐनाला टेबलवाला भाव वेगळा सांगतो, त्यामुळं अर्धा कसा दिसतो नि पूर्ण कसा दिसतो ते घरीच दोन फोटो शेजारी ठेवून डोळ्यात बसवून या, तिथं शिकायला जाल तर शिकवणी महाग पडेल. आकड्यांचं पण तेच. उर्दू लिपी येत नसली तरी दहा आकडे पाठ होतात, सात म्हणजे बेचकी, आठ म्हणजे तीच बेचकी उलटी, शून्य म्हणजे नुस्ता ठिपका, दोन आणि तीन मात्र नवख्याला सारखेच वाटतात, तिथं थांबून दात मोजा. साल हिजरी असतं, त्याला 0.97 नं गुणून 622 मिळवा, म्हणजे 1337 असेल तर 1918-19 येतं. हे गणित वहीच्या पुठ्ठ्यावर आत लिहून ठेवा. आणि मुघली रुपयावर औरंगाबाद शोधत बसू नका, बऱ्याच नाण्यांवर शहराचं नाव खुजिस्ता बुनियाद असंच येतं, जसं हैदराबादचं फर्खुंदा बुनियाद.

भिंगातून नाण्याची कड फिरवून बघायला विसरू नका, याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. आपल्याकडं बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असायच्या, बंजारा बायांच्या दागिन्यांत तर अजून दिसतात, आणि माळेतला रुपया म्हणजे वर कडी डाग देऊन बसवलेली. पुढं ती कडी काढतात, कानशीनं घासून सारखं करतात आणि टेबलवर येतो तेव्हा पुढून मागून अगदी चांगला दिसतो. पण वरच्या बाजूला बारा वाजल्याच्या जागी कडेचे दाते जरा चपटे असतात, आणि तिरक्या उजेडात धरलं की तिथं चांदीचा रंग किंचित पिवळट मारतो. तो कडी झाळल्याचा डाग. असा रुपया घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, माझ्याकडं आज्जीच्या माळेतला आहे नि तो मी कुणाला देणार नाही, पण त्याला स्वच्छ कडेच्या नाण्याचा भाव द्यायचा नाही. यासाठी मोबाईलची बॅटरी नका वापरू, छोटी टॉर्च आणा, तिरकी धरता येते.

लोहचुंबक पण टाका खिशात, चांदीला चिकटत नाही एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नकली नाणी पितळेची, जस्ताची पण असतात, ती पण चिकटत नाहीत, तेव्हा चुंबक पास झाला म्हणजे नाणं पास झालं असं नाही. आणि जुन्या माणसांसारखं फरशीवर टाकून वाजवून बघायचा मोह होईल, अजिबात नाही. मी एकदा केलं होतं, टेबलवाले चाचा म्हणाले, मियाँ, ये नारियल नहीं है. ईस्ट इंडिया कंपनी, 1818, एका बाजूला रामदरबार असं काही कुणी कौतुकानं दाखवलं तर हसून पुढं चला, कंपनीनं असं नाणं पाडलेलंच नाही, ते देवाचे टोकन आहेत.

नाणी धुऊन आणू नका हो. अदलाबदलीला म्हणून काही जण रात्री चिंच नि राख घेऊन बसतात, मी स्वतः शाळेत असताना टूथपेस्टनं एक हाली चकाचक केला होता आणि आज तो भिंगाखाली धरला की ओरखड्यांचं जाळं दिसतं, वरचा काळपट थर गेला तो गेलाच. आहे तसं आणा, पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यातलं पीव्हीसी तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं. पंधरा-वीस रिकामे होल्डर, एक छोटा मऊ टॉवेल टेबलवर अंथरायला, आणि नाणं कायम कडेनं धरायचं, बोटं वर टेकवायची नाहीत.

यावरून जेवणाचं आठवलं. धपाटे नि शेंगदाण्याची चटणी मी आणतोय सगळ्यांसाठी, बाहेरचं शोधत बसायचं नाही, पण तेलाचे हात घेऊन कुणी टेबलाकडं वळलं तर मी ओळख दाखवणार नाही. साबणाची वडी आणा. ऊन असलं की घाम येतोच, घामाचा अंगठा तांब्याच्या नाण्यावर राहिला की काही दिवसांत तिथं ठसा उमटतो, म्हणून एक सुका रुमाल फक्त हातासाठी वेगळा. पाणी, टोपी हे सांगायची गरज नाही.

आता पैसे. जेवढे गेले तरी घरी भांडण होणार नाही तेवढे, आणि ते दोन खिशात. हॉलमध्ये माणसं भरली की नेटवर्क जातं, यूपीआयवर अवलंबून राहू नका, शंभराच्या नोटा जास्त ठेवा, पाचशेची दिली की भाव करायची मजा जाते. दहाची नाणी पण आणा खुशाल, आमच्या गल्लीतला किराणावाला घेत नाही, रिझर्व्ह बँकेनं चौदाही डिझाईन चालतात असं 2018 मध्ये सांगून झालंय तरी, पण नाणेवाल्यांना नाणं नको म्हणताना मी अजून पाहिलं नाही. पहिला तास काही विकत घ्यायचं नाही, सगळी टेबलं एकदा बघायची, वहीत भाव टिपायचे, मग परत फिरायचं. चिल्लरच्या ढिगाचा ट्रे मात्र याला अपवाद, तिथं उशीर केला की दुसरा नेतो. महाग काही घेतलं तर बिल मागा, त्यावर नाणं काय म्हणून दिलं ते लिहून घ्या आणि नकली निघालं तर परत घेणार का हे आधीच विचारा, तोंड वाकडं करणाऱ्याकडून घेऊ नका.

पहिल्यांदा येणाऱ्या दोघांपैकी एकाला वैष्णोदेवीचं पाचचं नाणं विकून बुलेट घ्यायची आहे. राजा, ते नाणं दानपेटीत टाकण्याइतकंच आहे. जुन्या नोटा-नाण्यांचे लाखो देतो, आधी चार्ज भरा, असले फोन करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये सावध केलंय, तो विषय गाडीतच संपवू. आणखी एक, पैठण-तेरकडची मातकट शिशाची सातवाहन नाणी कुणी कोपऱ्यात बोलावून दाखवली, कालच शेतात सापडली म्हणून, तर लांब राहा. जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांच्या वरचा असला तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, आणि कलेक्टर म्हणजे आपण नाही, जिल्हाधिकारी. ती नाणी बघायची हौस असेल तर तेरच्या संग्रहालयात एक दिवस वेगळा काढू.

परतीच्या गाडीत होल्डर उघडून एकमेकांना दाखवायचे नाहीत, सांगून ठेवतो, सीटखाली गेलेली दोन पै मी जालन्यापासून सेलूपर्यंत शोधलेली आहे. कुठं, कितीला, कुणाकडून ते मात्र गाडीतच वहीत लिहा, सकाळी आठवत नाही. माझ्या वहीत मेहबूब अलीची चवन्नी अजून रिकामी आहे, मीमवाली, कड स्वच्छ. कुणाला आधी दिसली तर टेबलवाल्याला म्हणा बाजूला ठेव, आणि मला हाक मारा, मी चिल्लरच्या ट्रेपाशीच असेन.