टेम्पो भरण्याआधी फेरी ठरवा

तुर्भ्याच्या गोदामातून रोजचा माल मी लावते. डिस्पॅचला नवीन मुलगा आला की त्याला आधी हेच सांगते: हौदा नंतर बघ, आधी चलानावरचे पत्ते बघ. १० ठिकाणं असली तरी त्यांचे क्रम ३६ लाखांच्या वर जातात. सगळे तपासत बसता येत नाही. म्हणून पुरेसं चांगलं उत्तर झटपट देणारी पद्धत वापरायची. तिलाच ह्युरिस्टिक म्हणतात.

१९६४ साली क्लार्क आणि राइट यांनी मांडलेली बचतीची पद्धत कागदावरही जमते. प्रत्येक ठिकाणी वेगळा टेम्पो जातोय असं धरा. मग दोन ठिकाणं एकाच फेरीत घेतली तर किती किलोमीटर वाचतील ते काढा: दोघांची गोदामापासूनची अंतरं मिळवा, त्यातून दोघांमधलं अंतर वजा करा. ऐरोली १०, घणसोली ७, मधलं अंतर ४ धरलं तर १३ वाचले. ऐरोली आणि बेलापूर? १० आणि ९, मध्ये १९. वाचलं शून्य, कारण वाटेत आपलं गोदामच येतं. सगळ्या जोड्या मोठ्या बचतीपासून खाली लिहा आणि वरून एकेक जोडत जा. टेम्पोची क्षमता ओलांडली किंवा ठिकाण फेरीच्या टोकाला नसून मध्ये अडकलेलं असलं, तर ती जोडी सोडा.

अंतर मात्र रस्त्याचंच घ्या. कोपरखैरणे आणि विक्रोळी नकाशावर समोरासमोर आहेत, पण मध्ये खाडी आहे. जायचं ते ऐरोलीच्या नाहीतर वाशीच्या पुलावरून.

सगळा माल एकाच ठिकाणी, समजा भिवंडीला, जाणार असेल तर वाटेचा प्रश्नच नाही, फक्त वजन बसवायचं. १००० किलोचे टेम्पो आहेत आणि माल ३००, ४००, २००, ६००, ५०० किलो असा आला. आला तसा भरलात तर तीन टेम्पो लागतात. जड आधी घ्या, ज्या पहिल्या टेम्पोत बसेल त्यात टाका: ६०० आणि ४०० एकात, ५००, ३००, २०० दुसऱ्यात. दोनात काम झालं.

आता लोडिंग. शेवटी उतरवायचा माल आधी आत, केबिनला लागून. पहिला उतरणारा फाळक्याशी. आणि जड खाली, हलकं वर. हे दोन नियम भांडतात तेव्हा खरी कसोटी लागते. जड माल पहिल्याच ठिकाणी उतरणार असेल तर माथाडींना वरखाली करायला लावू नका, फेरीच उलटी फिरवा. किलोमीटर जवळपास तेवढेच राहतात, जड माल आत तळाशी जातो आणि त्यावरचा हलका आधी उतरतो. मला ही युक्ती सगळ्यात मोलाची वाटते, कारण यात कामगारांची पाठ वाचते. फक्त उलटवण्याआधी ज्या ग्राहकांनी वेळ बांधून दिली आहे, त्यांना फोन करून विचारा.