ओव्हरक्लॉक केलेला जुना पीसी असा रुळावर आणला

सेकंडहँड घेतलेला गेमिंग पीसी, गेम ऐन रंगात आला की निळा स्क्रीन दाखवून मोकळा व्हायचा. बायोस (पीसीच्या मूळ सेटिंगचा मेनू) उघडलं तर आधीच्या मालकाने ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर नेऊन व्होल्टेज १.४२ वर कायमचं ठोकलेलं. ग्यानबाची मेख इथेच आहे: चिपचं आयुष्य नुसत्या वेगापेक्षा व्होल्टेज आणि उष्णता जास्त खातात. करंट आणि तापमान चढलं की चिपमधल्या बारीक तारांमधले धातूचे अणूच हळूहळू सरकतात, म्हणून एकेकाळी ठणठणीत चालणारी सेटिंग पुढे डगमगते. लोक मग व्होल्टेज आणखी वाढवतात, म्हणजे आगीत तेलच! मी ४.५ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्टवर उतरलो, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली, हीटसिंकमधला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधला) धुळीचा नमदा ब्रशने खरवडला. तापमान ९४ वरून ७६ अंशांवर आलं. फ्रेम्स, म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला दिसणारी चित्रं, किंचित घटल्या. खेळताना जाणवतही नाही.